खंडेनवमीचं इंजिन

टोपी पडली तेव्हा मी चुलीपुढे भाकरी थापत होते. आवाज काही फार मोठा झाला नाही. लोखंड दगडावर आपटल्याचा एक जड आवाज आला आणि लगेच त्याच्या पोटातून दुसरा, बारीक आणि कोरडा, मडकं तडकावं तसा. मी भाकरी तव्यावर टाकली आणि पिठाच्या हातांनीच पलीकडे गिरणीत गेले.

मामंजी, म्हणजे माझे सासरे शमुवेल मिस्त्री, गोणपाटापाशी उकिडवे बसले होते. गोणपाटावर इंजिनाचे सगळे भाग रॉकेलने पुसून ओळीने मांडलेले होते. टोपी मात्र गोणपाटाच्या बाहेर, पायाच्या दगडावर पडली होती आणि तिच्या काठापासून बुडापर्यंत केसाएवढी भेग गेली होती. माझे यजमान याकोब फडकं हातात धरून नुसते तिच्याकडे बघत होते.

"निसटली हातातनं," मामंजी म्हणाले.

टोपी म्हणजे काय ते सांगते. आमचं पिठाच्या गिरणीचं इंजिन जुन्या पद्धतीचं होतं. त्याच्या डोक्यावर लहान घागरीएवढी बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची टोपी बसवलेली असे. रोज सकाळी तिला जोराची ज्योत फेकणाऱ्या बत्तीने तापवून लाल करायचं, मग मोठं चाक फिरवायचं, की इंजिन ठकठक सुरू होई. टोपी गेली की इंजिन मेलंच म्हणायचं. बीड एकदा तडकलं की कोणत्याही लोहाराला ते जोडता येत नाही. आणि ते दुसऱ्या जागतिक लढाईचं चौथं वर्ष होतं. मुंबईहून साधा पट्टा मागवला तरी तो निजामाच्या हद्दीत, सेलूच्या स्टेशनावर यायला आठ महिने लागत. वालूरच्या आमच्या घरात खाणारी तोंडं नऊ होती आणि ती सगळी त्या एका इंजिनावर जगत होती.

हे इंजिन उघडण्याची काहीएक गरज नव्हती. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते छान चाललं होतं. ते उघडलं होतं, कारण त्या दिवशी खंडेनवमी होती.

मामंजी लहानपणी छप्पनच्या, म्हणजे अठराशे नव्व्याण्णवच्या दुष्काळात पोरके झाले. पाद्रीसाहेबांच्या अनाथाश्रमात वाढले, तिथेच लोहारकाम आणि मग इंजिनकाम शिकले. पुढे कापसाच्या जिनिंगमध्ये वीस वर्षं नोकरी करून त्यांनी वालूरला स्वतःची गिरणी घातली. गाव त्यांना शामराव म्हणे. शमुवेल म्हणायला गावाला वेळ नव्हता आणि मामंजींनीही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. माणूस असा सरळ की रोज सकाळी पहिलं दळण घरचंच टाकायचे, कारण पहिल्या दळणातलं मूठभर पीठ जात्याच्या फटीत बसतं आणि ते गिऱ्हाइकाचं जाऊ नये. एकादशीच्या आदल्या दिवशी बायका भगर घेऊन आल्या तर जाती उचलून, ब्रशने झाडून देत. रविवारी मात्र गिरणी बंद म्हणजे बंद. त्या दिवशी पांढरा कोट घालून ते ओसरीवर आमचीच उपासना घेत, कारण पाद्री वर्षातून दोनदाच येत.

आता अशा माणसाच्या दारात पहिल्या वर्षी खंडेनवमीला सकाळीच गावच्या बायका झेंडूच्या माळा, हळदकुंकू आणि नारळ घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या दृष्टीने त्यात वावगं काहीच नव्हतं. त्या दिवशी सुतार पटाशीची पूजा करतो, शेतकरी औताची करतो, मग सगळ्या गावाचं पीठ दळणाऱ्या इंजिनाला कुंकू नको का? मामंजींना ते चालणार नव्हतं. इंजिन हे इंजिन आहे, नमस्कार एकालाच, यावर ते ठाम होते. पण समोर उभ्या असलेल्या बायकांना तोंडावर नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. योगायोगाने त्या दिवशी एक नट सैल झाला म्हणून त्यांनी इंजिन अर्धं उघडलं होतं. ते म्हणाले, "बायांनो, इंजिन उघडलंय. आज त्येला कुंकू लावायला तोंडच न्हाई." बायका हसल्या, फुलं उंबऱ्यावर ठेवून गेल्या.

दुसऱ्या वर्षी नट सैल नव्हता. तरी इंजिन उघडलं. मग ते ठरूनच गेलं. नवमीच्या पहाटे मामंजी पाने-पक्कड काढून बसत आणि दिवस वर यायच्या आत इंजिनाचे सगळे भाग गोणपाटावर. सालातून एकदा उघडावंच लागतं, असं ते प्रत्येकाला सांगत. अकरा वर्षं सांगत आले. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी मला कळलं होतं. पण सासऱ्याला खोटारडा म्हणायला कोणती सून जाईल? मलाही गंमतच वाटायची.

त्या दिवशी गंमत संपली.

"आलं का ध्यानात, काय झालं ते?" हे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला भीती वाटली. "चालू इंजिन उघडलं आपण. फुलं टाळायला."

मामंजींनी गोणपाटावरचा एक नट उचलून परत जागेवर ठेवला.

"मी गेल्या साली म्हणलो होतो. दोन फुलं वाहिली तर इंजिन काय बाटंल का? न्हाईतर सरळ सांगा, आमच्यात चालत न्हाई. पन हे कसलं? आता कुटून आणायची टोपी? आठ महिने दार लावून बसायचं का मी पलटणीत नाव घालू?"

ती धमकी पोकळ नव्हती. सेलूच्या बाजारात पलटणीत भरती करणारे फिरत होते, हे मला माहीत होतं.

तेवढ्यात दारात दगडाबाई आली. शेजारच्या गल्लीतली, पाठीत वाकलेली, जिभेची तिखट. तिच्या ताटात झेंडू होता. गोणपाटावरचा पसारा बघून ती नेहमीसारखी हसली, फुलं उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, "मिस्तरी, उद्या दिस उगवायला गहू घेऊन येते. पुरनपोळ्या करायच्यात. चालू ऱ्हाईल न्हवं?"

"ऱ्हाईल की," मामंजी म्हणाले. "सालातून एकदा उघडावंच लागतं."

"न्हाईतर आमचं काय. माज्या जात्याला टाकी लावून धा वर्षं झाली. आता खुंटा धरला तर कंबरच मोडंल." ती गेली.

मी मामंजींकडे बघितलं. ते उंबऱ्यावरच्या झेंडूकडे बघत होते. ते खोटं त्यांनी ठरवून सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांच्या सवयीने ते आपोआप तोंडून बाहेर पडलं होतं.

दुपारी पानं वाढली. आमच्याकडे मामंजींनी उपकारस्तुती केल्याशिवाय कोणी घासाला हात लावत नसे. ते नेहमीप्रमाणे हात जोडून, डोळे मिटून बसले. आम्हीही मिटले. बराच वेळ गेला. शब्दच येईनात. मी डोळे किलकिले करून बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. शेवटी माझी थोरली मुलगी रिबका, नऊ वर्षांची, तिला वाटलं आजोबा विसरले. तिने सगळी प्रार्थना धडाधडा म्हणून टाकली. ती त्यांनीच तिला मांडीवर घेऊन शिकवली होती. मोठ्या अक्षरांच्या पवित्र शास्त्रावर बोट ठेवून तिला वाचायला शिकवलं तेही त्यांनीच. घरात त्यांचा जीव कोणात असेल तर तो तिच्यात.

आमेन म्हणून तिने भाकरी मोडली आणि विचारलं, "आजोबा, इंजिनाला काय झालं होतं? कशाला उघडलं?"

सगळ्यांना सांगायचं उत्तर तयार होतं. मामंजींनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग ताट बाजूला सारून ते उठले. खुंटीवरचा पांढरा कोट त्यांनी काढला. रविवार नसताना तो कोट मी पहिल्यांदाच बाहेर निघालेला बघितला.

"मार्था, चल माझ्यासंगं," ते मला म्हणाले. "बसवंतरावाकडं जाऊन येऊ. माझ्याच्यानं समदं बोलनं झालं न्हाई तर तू सांग."

बसवंतराव शेटे हे गावातले मोठे लिंगायत व्यापारी. त्यांच्याकडे भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र होतं आणि त्याचं इंजिन अगदी आमच्यासारखंच. दोन्ही एकाच वर्षी, एकाच दलालाकडून आलेली, दोन्ही मामंजींनीच बसवलेली. गावात पूजेचं पुढारपण शेट्यांकडे. आमच्याकडे पहिल्या वर्षी बायकांना पाठवलं होतं तेही बसवंतरावांच्या आई चन्नबसम्मांनी. म्हणजे माफी मागायची तर तिथेच मागायला हवी होती.

वाटेत मामंजी पुढे झपझप चालत होते. ऊन कडक होतं. मी चार पावलं मागून चालत होते आणि मनात म्हणत होते, देवा, हा माणूस आज गावाच्या तोंडी जाणार. उद्यापासून दळण घेऊन कोण येईल? टोपी एक वेळ मिळेल, गेलेली पत कुठून आणायची?

शेट्यांच्या वखारीत इंजिन सजवलेलं होतं. चाकाला माळा, पुढ्यात नारळ, आणि टोपीवर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. बसवंतराव बाजेवर बसले होते. चन्नबसम्मा खांबाला टेकून वाती वळत होत्या.

"या मिस्तरी, बसा," बसवंतराव म्हणाले. "कोट घालून? कुटं परगावाला का काय?"

"बसत न्हाई. आदी बोलू द्या." मामंजी उभेच राहिले. "आमचं इंजिन नवमीला उघडावं लागत न्हाई. कदीच लागत नव्हतं. आमच्यात इंजिनाची पूजा चालत न्हाई. तुमाला तोंडावर सांगायची हिंमत झाली न्हाई, म्हनून मी ते उघडून ठेवतो. अकरा सालं झाली, गावाला फसवायलोय. तुमचीबी, आईंचीबी माफी मागायला आलो."

सगळं त्यांनीच सांगितलं. मला तोंड उघडावं लागलं नाही.

बसवंतरावांनी आईकडे बघितलं. आईंनी हातातली वात खाली ठेवली.

"अकरा सालं लागली व्हय सांगायला?" त्या म्हणाल्या.

"मिस्तरी," बसवंतराव म्हणाले, "मीबी इंजिन चालवतो. ते सालातून एकदा उघडायचं असतं, कबूल. पन नेमकं नवमीलाच आन् तेबी पहाटंच, हे कोन्या कागदात लिव्हलंय? समद्या गावाला म्हाईत हाय."

मामंजी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. "म्हाईत हाय? मग कोनी बोललं कसं न्हाई?"

"काय बोलायचं?" चन्नबसम्मा म्हणाल्या. "पैल्या साली तोंडावर न्हाई म्हणला असतास तर राग आला असता. खोटं कशाला बोलू, लय आला असता. दुसऱ्या साली कळलं. पन तवर तुज्या गिरणीची सवय लागली होती. राग धरून जातं ओढत बसायचं का? बायांनी इचार केला, त्येनं झाकलंय, आपुनबी झाकावं. उंबऱ्यावर फुलं ठिवायची आन् घरी यायचं."

मामंजी मटकन पायरीवर बसले. त्यांना हसावं की रडावं कळेना. कोटाच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले आणि मग खरंच हसले, आधी थोडं, मग पोट हलेपर्यंत. मी पदर तोंडाला लावला. मला त्यांच्यासाठी इतकं बरं वाटलं की टोपीची आठवणच राहिली नाही.

ती आठवण झाली तेव्हा हेही लक्षात आलं की मामंजी ती गोष्ट काढणारच नाहीत. माफी मागायला आलेल्या माणसाने लगेच झोळी पुढे करायची, हे त्यांना मेले तरी जमलं नसतं. मी पदर सावरला आणि सांगून टाकलं, "आमच्या इंजिनाची टोपी सकाळी पडली. तडकलीय."

"मार्था," मामंजी म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना, राहिलेलं तू सांग."

बसवंतरावांचं हसू थांबलं. यंत्रातलं त्यांना कळत होतं, त्यामुळे पुढचं काही समजावून द्यावं लागलं नाही. ते उठून आपल्या इंजिनापाशी गेले आणि माळांमधून दिसणाऱ्या टोपीकडे बघत उभे राहिले. त्यांचा शेंगांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा. वर्षभराची कमाई त्या दोन महिन्यांत. टोपी दिली आणि नवी आली नाही, तर त्यांचं यंत्रही बंद. हे त्यांना दिसत होतं आणि मामंजींनाही.

"न्हाई बसवंतराव," मामंजी म्हणाले. "त्यासाठी न्हाई आलो मी."

"ते कळलं. त्यासाठी आला असता तर आदी टोपी मागितली असती आन् माफी ऱ्हाऊन गेली असती." ते परत फिरले. "आज पूजा बांधलीय, हात लावता येत न्हाई. उद्या दिस उगवायला उतरवू. मग घेऊन जा."

"दिवाळीनंतर तुमचं कसं?"

"तवाचं तवा बघू. मिस्तरी तुमीच हाव की."

आता सांगायला हरकत नाही, नवी टोपी यायला पुढे सव्वा वर्ष लागलं. तोवर ती एक टोपी दोन घरं फिरली. हंगामात सकाळी आमच्याकडे, दुपारनंतर शेट्यांकडे. फडक्यात गुंडाळून गल्लीतून नेताना बघून लोक म्हणत, चालली नवरी सासरी.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आम्ही तिघं, मामंजी, हे आणि मी, सूर्य वर यायच्या सुमाराला शेट्यांकडे गेलो. मामंजींना रात्रभर डोळा लागला नव्हता. शेट्यांकडचं सगळं ऐकून ह्यांचा राग गेला होता. पूजा उतरली. मामंजींनी चार नट सोडले आणि टोपी सुटी झाली. भस्माचे पट्टे तिच्यावर तसेच होते. चन्नबसम्मा ओलं फडकं घेऊन पुढे झाल्या.

"थांब, पुसून देते. तुज्यात चालत न्हाई न्हवं."

"ऱ्हाऊ द्या, आई," मामंजी म्हणाले. "मी पूजा करत न्हाई. पन तुमी केलेली पुसनारबी न्हाई."

अकरा वर्षं अडलेलं वाक्य ते इतक्या साधेपणाने बोलून गेले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं असावं. चन्नबसम्मांनी मान हलवली आणि फडकं खांद्यावर टाकलं.

मामंजी टोपीला हात घालणार होते, तेवढ्यात थबकले. स्वतःच्या दोन्ही हातांकडे त्यांनी बघितलं. उजव्या हाताचा अंगठा गेली दोन वर्षं बारीक थरथरत असे. आम्हाला ते दिसत होतं, पण त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

"याकोब, तू उचल," ते म्हणाले. "माझे हात आता भरवशाचे ऱ्हाईले न्हाईत. बसवायचीबी तूच."

ह्यांनी वर बघितलं. मग खांद्यावरचा पंचा काढला, टोपीखाली घातला आणि एखादं लेकरू उचलावं तशी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. पलटणीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

गिरणीपुढे वीसेक बायका डबे, टोपल्या, सूप घेऊन बसल्या होत्या. रांगेत मधेच दगडाबाई. मामंजी त्यांच्यापुढे उभे राहिले आणि शेट्यांकडे जे सांगितलं तेच त्यांनी इथे थोडक्यात सांगितलं. कालचं खोटंही सांगितलं.

"ते असू द्या," दगडाबाई म्हणाली. "चालू कवा होतंय? पुरन आंबून जाईल की माजं."

ह्यांनी टोपी बसवली, नट आवळले. मामंजी शेजारी उभे राहून नुसते बघत होते, मध्ये एकदाही हात घातला नाही. मग आम्ही नेहमीप्रमाणे माना खाली घातल्या आणि मामंजींनी प्रार्थना केली. आज शब्द अडले नाहीत. बायकाही उगी राहिल्या. ह्यांनी बत्ती पेटवली आणि टोपीला लावली. भस्म ते, राखच की. लोखंड लाल व्हायला लागलं तसं ते कधी गेलं, कोणालाच कळलं नाही.

चाक पहिल्यांदा फिरवलं, इंजिन नुसतं उसासलं. दुसऱ्यांदा फिरवलं, एक ठोका पडला आणि थांबला. मी माझं मनगट इतकं आवळून धरलं होतं की कांकणं रुतली. तिसऱ्यांदा ह्यांनी सगळं अंग टाकून चाक ओढलं. एक ठोका, दुसरा, तिसरा, आणि मग ठोके मोजता येईनात. छपरावरच्या नळीतून धुराची वर्तुळं निघाली, पट्टा सरसरला, जातं घरघरलं.  हे माझ्याकडे बघून हसले. कालपासून पहिल्यांदा.

दळण सुरू झालं. एकीचा डबा झाला की दुसरीचा. गिरणीत पिठाचा धुरळा उडाला, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. गडबडीत मामंजींकडे माझं लक्षच नव्हतं. माझ्याजवळ आलेल्या एका बाईने खूण केली म्हणून मी वळले.

भिंतीशी गव्हाचं एक पोतं होतं. मामंजी त्यावर बसले होते आणि बसल्या बसल्याच त्यांना झोप लागली होती. मान भिंतीला टेकलेली, तोंड थोडं उघडं, छाती संथ वरखाली होणारी, दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले. चार हातांवर इंजिन सगळं गाव हादरेल असं ठोकत होतं, पण त्यांची पापणीसुद्धा हलत नव्हती.

पोतं दगडाबाईचं होतं. तिचा नंबर आला तेव्हा तिने पोत्याकडे बघितलं, मामंजींकडे बघितलं आणि मागच्या बाईला हाताने पुढे सरकवलं. मागून कोणीतरी ओरडून काही विचारलं, तशी ती वळली आणि ओठांवर बोट ठेवलं. त्या इंजिनाच्या दणदणाटात मग सगळ्या बायका एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात बोलायला लागल्या.